बिनगोडाच्या संताचं व्रत

आमच्या कॉलनीत बिनगोडाच्या गुरुवारचं व्रत मी सुरू केलं, असं शेजारच्या शालनबाई पिंपरीच्या बाजारापासून कासारवाडीच्या स्टेशनापर्यंत सांगत असतात. मी ते सुरू केलेलं नाही. मी फक्त "असेल" एवढंच म्हणाले होते, आणि तेही हळू.

माझा आवाजच मुळात लहान. बुधवारी दुपारपर्यंत मी मौन पाळते, पण ते मौन आहे हे घरच्यांच्या लक्षात येईपर्यंत दुपार झालेली असते. बाकी सोमवार शंकराचा, मंगळवार चिंचवडच्या मोरयाचा, गुरुवार दत्ताचा, शुक्रवार देवीचा, शनिवार मारुतीचा. रविवारी उपास नसतो, त्यामुळे त्या दिवशी मला फार थकवा येतो. ह्यांचं म्हणणं, आमच्या घरात जेवणारा देव सोडून सगळे देव आहेत. ह्यांच्या बोलण्याकडे मी लक्ष देत नाही.

तर सत्तावन्न सालच्या फेब्रुवारीत आमची वेणू शाळेतून एक चिठ्ठी घेऊन आली. आमचे हे बाटल्यांच्या कारखान्यात; शाळाही कारखान्याचीच, अगदी मोठ्या फाटकाच्या आत. वेणू चौथीत होती. चिठ्ठी तिच्या वर्गबाई कुसुमताई यांची.

"येत्या चौदा तारखेस संत व्हॅलेंटाइन यांचा दिवस आहे. प्रत्येक विद्यार्थ्याने वर्गातील प्रत्येकास स्नेहपत्र द्यावयाचे आहे. पत्रे घरी हाताने करावीत, विकत आणू नयेत. पत्रासोबत गोळ्या, पेपरमिंट, तिळगूळ, वडी इत्यादी कोणताही गोड पदार्थ देऊ नये. दिल्यास जप्त होईल."

गोडावर कुसुमताईंचा राग का, हे सगळ्यांना ठाऊक होतं. संक्रांतीला वर्गात वाटलेला एक लाडू बाकाखाली गडगडत गेला, त्याच्यामागून दोन मुलगे गेले, आणि बाहेर आले तेव्हा दोघांत मिळून एक दात कमी होता. आणि ही संतांची कल्पना पार्करबाईंची. नवं यंत्र बसवायला अमेरिकेहून जो साहेब आला होता, त्याची ही बायको. एकदा शाळेची प्रार्थना ऐकायला आली आणि आमच्याकडची मुलं काय करतात ते सांगून गेली.

वर्गात बेचाळीस मुलं. म्हणजे वेणूला एक्केचाळीस पत्रं हवी.

वेणू म्हणाली, "आई, चाळीस कशीही होऊ देत. एक चांगलं कर."

"कुणाचं?"

ती दप्तराचा पट्टा गुंडाळत बसली. मला कळलं होतं.

इथे मला एक गोष्ट सांगावी लागेल. ती मी दत्तासमोर सांगितली आहे, शालनबाईंसमोर नाही. यंत्रदुरुस्तीचे अजीज मिस्त्री आमच्या मागच्या चाळीत राहायचे, मूळचे खेडचे. त्यांची आणि शहाजादीबाईंची फरीदा वेणूच्या बाकावर बसायची. दोघींची पाटीवरची पेन्सिल एकच, मधोमध मोडलेली. संक्रांतीला फरीदा तळहातावर तिळाचा एक लाडू घेऊन दारात आली आणि तिनं तो माझ्यापुढे धरला. मी नुकतीच न्हाऊन सोवळ्यात होते, नैवेद्य व्हायचा होता. मी मागे सरले. पाऊलभर नाही, अर्धं पाऊल. आणि म्हणाले, "ठेव तिथं, बाळ." एरवी माझं बोलणं समोरच्याला दोनदा विचारावं लागतं. त्या दिवशी त्या पोरीला ते पहिल्यांदाच ऐकू आलं. तिनं लाडू उंबऱ्यावर ठेवला आणि गेली. त्या दिवसापासून वेणूशी कट्टी. महिना होत आला. वेणू डबा एकटी खात होती आणि अर्धी पेन्सिल दप्तराच्या तळाशी ठेवत होती.

म्हणून ते एक पत्र चांगलं व्हायला हवं होतं.

आता, संतांचं काम म्हटल्यावर मी आधी पंचांग काढलं. चौदा तारीख: वार गुरुवार. तिथी: माघी पौर्णिमा. माझ्या अंगावर काटा आला. सातासमुद्रापलीकडचा संत, आणि दिवस बघा कसा साधलाय! वर गोड वर्ज्य. मीठ सोडून करायचे गुरुवार मला माहीत होते. साखर सोडून करायचाही असणारच, असं माझ्या मनानं घेतलं. कुसुमताईंच्या वर्गातल्या लाडवाच्या भांडणाची गोष्ट त्या क्षणी मला आठवलीच नाही.

नळावर शालनबाई होत्याच.

"कौशल्याबाई, आता कसला उपास काढलात?"

"मी नाही हो काढला. शाळेतून आलाय."

"शाळेतून उपास? बाई बाई! पगार द्यायला कारखाना आणि उपाशी ठेवायला शाळा!"

मी चिठ्ठी वाचून दाखवली. शालनबाईंची कळशी भरून वाहायला लागली तरी त्यांनी हात काढला नाही. "बिनगोडाचा म्हणजे कडक असणार हो. म्हणजे त्या दिवशी आपणही चहा बिनसाखरेचाच घ्यायचा?"

"असेल," मी म्हणाले.

तेवढंच. संध्याकाळपर्यंत अकरा घरांत ते व्रत धरलं गेलं होतं. एकीनं विचारलं, गूळ चालतो का? एकीनं विचारलं, मागच्या महिन्यातल्या उरलेल्या हलव्याचं काय? केळ्याचा निकाल शालनबाईंनी परस्पर लावला: कच्चं चालेल. आणि सगळ्यांनी मिळून ठरवलं, की कहाणी कौशल्याबाई सांगतील.

मला कहाणी येत नव्हती. म्हणून कुसुमताईंना घेऊन मी पार्करबाईंच्या बंगल्यावर गेले. कुसुमताईंनी इंग्रजीत विचारलं, की यांना संतांचा नैवेद्य आणि कथा हवी आहे. पार्करबाई बराच वेळ छताकडे पाहत होत्या. मग म्हणाल्या, राजानं त्यांना तुरुंगात टाकलं, तिथून त्यांनी कुणाला तरी चिठ्ठी पाठवली, मग राजानं त्यांना मारलं. माझं समाधान झालं. राजानं छळल्याखेरीज संत कसला? नैवेद्याचं मात्र त्या म्हणाल्या, माझी आई केक करायची.

"पण गोड तर चालत नाही ना?" मी कुसुमताईंना विचारलं.

"तिकडे चालतं. माझ्या वर्गात चालत नाही."

प्रत्येक प्रांताचा आचार वेगळा, हे मी समजू शकते. आमच्या बार्शीकडेही पौर्णिमेचं निराळंच आहे.

पार्करबाईंनी नमुना दिला. तांबडा कागद, वरून दोन बाजूंना फुगलेला, खाली निमुळता. तो घेऊन मी ओट्यावर बसले.

"विड्याचं पान आहे हे," शालनबाई म्हणाल्या.

दूध घालायला आलेल्या छबूबाई पिंपरी गावातल्या. त्यांच्या चार म्हशी. त्या वाकून बघत म्हणाल्या, "न्हाई वो! ह्ये पिंपळाचं हाय. पिंपरीत ऱ्हाता आन पिंपळ वळखंना तुमास्नी?"

"मग देठ कुठं आहे?"

"मडमिनीला देठाचं काय ठावं? ऱ्हायला आसंल."

मला पटलं. पिंपळ म्हणजे प्रत्यक्ष विष्णू. संतांच्या दिवसाला शोभेसं. मी देवळामागचं एक पडलेलं पान आणलं (तोडलं नाही; शनिवारखेरीज पिंपळाला हात लावत नाहीत), त्यावरून एक्केचाळीस पानं आखायची ठरवली, आणि प्रत्येकाला देठ.

पण कागद कुठं होता? निवडणूक तोंडावर आलेली. बरकतभाईंच्या दुकानात गेले तर तांबडा, केशरी, हिरवा, पिवळा, सगळा कागद पक्षवाल्यांनी उचललेला.

"वहिनी, निकाल लागल्यावर या," बरकतभाई म्हणाले. "जो पडेल त्याचा कागद रद्दीच्या भावात देतो. कोणता रंग पडावा असं वाटतंय?"

मी पिशवी उचलून परत निघाले. मतदान गुप्त असतं.

शेवटी ह्यांनी कारखान्यातून कागदाचा गठ्ठा आणला. बाटल्यांच्या खोक्यांवर चिकटवायचे छापील कागद. छपाई तिरकी आल्यामुळे रद्द झालेले. एक बाजू कोरी, दुसऱ्या बाजूला जाड अक्षरात "काच आहे. जपून."

"मागची बाजू कोण बघतंय?" हे म्हणाले आणि झोपले.

रंगाचा प्रश्न त्याहून नाजूक. माझ्याकडे कुंकू होतं. शालनबाईंनी ते हातातून काढून घेतलं. "मुलग्यांना कुंकू देणार? चौथीतल्या?" त्यांच्या आवाजात असं काही होतं, की मला डोळ्यांपुढे एक्केचाळीस लग्नं दिसली. मग गुलाल घेतला. खळीत गुलाल कालवला, पानांच्या कडांना फासला, आणि पानं दारापुढच्या कुंपणावर वाळत घातली. वेणूनं एकेका पानावर एकेक ओळ आधीच लिहून ठेवली होती आणि वाचायचं नाही अशी मला शपथ घातली होती.

दुपारी छबूबाईंची म्हैस आली आणि सतरा पानं खाऊन गेली. गव्हाच्या पिठाची खळ, तिचा तरी काय दोष? मी कुंपणाशी उभी राहून तिला "हाड" म्हणत होते. ती ऐकायच्या अंतरावर होती, पण माझ्या आवाजाच्या अंतरावर नव्हती.

छबूबाई धावत आल्या. "आगं बया! खाल्लं व्हय? जाऊ द्या, बाई. गोड आसतं तर मुंग्यांनी खाल्लं आसतं. कुनीतरी खानारच की!" मग घाबरून कुजबुजल्या, "पन तिचा उपास न्हवता न्हवं?"

सतरा पानं पुन्हा केली. फरीदाचं त्यात होतं. वेणू ओळ पुन्हा लिहायला बसली तेव्हा पाठमोरी बसली.

गुरुवार उजाडला. मी आंघोळ केली, दत्ताची पूजा केली, बिनसाखरेच्या चहाचा घोट घेतला आणि तो संतांना अर्पण केला. एक्केचाळीस पानं परडीत घालून, वर धुतलेला रुमाल झाकून, वेणूला घेऊन निघाले. फाटकावर पहाऱ्याचे उद्धवराव उभे होते. पलटणीतून आलेले, त्यांची मिशीसुद्धा रांगेत उभी असे.

"बाई, परडीत काय?"

"पानं."

"काय?"

"पानं."

"मोठ्यानं बोला! चोरीचा माल आहे का?"

त्यांनी रुमाल उचलला, एक पान काढलं, वास घेतला. "गुलाल? अजून मतदान व्हायचंय!" मग चेहरा बदलला. "पान ही निशाणी कुणाची?"

"संतांची."

"कोण संत?"

"व्हॅलेंटाइन."

"अपक्ष का?"

मी मान हलवली. कोणत्या दिशेनं हलवली ते मला आठवत नाही. तेवढ्यात त्यांनी पान उलटलं. "काच आहे. जपून. अच्छा! कागद आमच्याच कारखान्याचा!"

म्हणजे तीन गुन्हे झाले. आवारात प्रचार, निकालाआधी गुलाल आणि कारखान्याचा माल. वेणू रडायला लागली. घंटा झाली होती. उद्धवरावांनी तिला आत सोडलं, पण परडी नाही. ती रिकाम्या हातानं गेली, चार पावलांवर वळून मला म्हणाली, "आई, वाटप जेवणाच्या सुट्टीनंतर आहे."

पहाऱ्याच्या खोलीत मला स्टुलावर बसवलं आणि एक छापील तक्ता भरायला दिला. मालाचे नाव: पाने. नग: एक्केचाळीस. फाटकातून नेण्याचे कारण: इथे मी बराच विचार करून लिहिलं, "संत". उद्धवरावांनी ते वाचलं आणि दुसरा तक्ता दिला. तोही भरला. मग ते म्हणाले, कागद खरोखर रद्दी आहे असं छपाईच्या यंत्राच्या मिस्त्रीनं लिहून दिलं पाहिजे.

छपाईचं यंत्र अजीज मिस्त्री बघत.

ते हातांचं ग्रीस पुसत आले. मला बघितलं, "सलाम वहिनी" म्हणाले आणि दाराशीच थांबले. खोली एवढीशी, तरी ते दाराशीच थांबले. अर्धं पाऊल बाहेर.

"आधी मजकूर तपासतो," उद्धवराव म्हणाले. "प्रचार कुठे लपवतील सांगता येत नाही." आणि त्यांनी कवायतीच्या आवाजात वाचायला सुरुवात केली.

"'मारुती, तू पाढे म्हणतोस तेव्हा तुझे कान हलतात. थांबवू नकोस.' हं. 'अंबू, तू माझी रिबीन घेतलीस हे मला माहीत आहे. तुला बरी दिसते.' हं. 'ज्योतीराम, दात पुन्हा येतो.'"

बाहेर दोन पहारेकरी ऐकायला उभे राहिले. पुढचं पान.

"'फरीदा, माझी आई वाईट नाही. तिची फक्त नेहमी आंघोळ झालेली असते.'"

उद्धवरावांना त्यात प्रचार सापडेना, म्हणून त्यांनी ते पुन्हा एकदा वाचलं, जरा जास्त मोठ्यानं.

माझ्या मानाचं मी काय सांगू? पाच वारांचे उपास, बुधवारचं मौन, चोवीस वर्षांचं सोवळं, आणि त्याचा हिशोब एका नऊ वर्षांच्या मुलीनं गुलालाच्या पानावर एका ओळीत लावून टाकला होता. तोही माझी बाजू घेऊन! मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. पण खाली कारखान्याचा सिमेंटचा कोबा होता.

अजीज मिस्त्री आपल्या बुटांकडे बघत होते. मग त्यांनी एक पान उलटून पाहिलं आणि अगदी कामाच्या आवाजात म्हणाले, "रद्दी माल आहे, साहेब. छपाई तिरकी. मी स्वतः नापास केलाय." आणि सही केली.

उद्धवराव नाराज झाले, पण नियमाचे पक्के. त्यांनी एकेका पानावर शिक्का मारला: "तपासले. सुरक्षा विभाग." एक्केचाळीस वेळा. गुलालाचा तो पिंपळ, त्याला देठ, मागे काच, वर शिक्का. संतांना तुरुंगातून चिठ्ठी पाठवताना याहून जास्त त्रास झाला असेल असं मला वाटत नाही.

"मी सायकलवरून शाळेत पोचवतो," मिस्त्री म्हणाले. "आमची फरीदा पण सकाळपासून या पत्रांचंच बोलतेय."

ते दारातून निघाले, आणि तेव्हा मी म्हणाले, "शहाजादीबाई घरी आहेत का?"

मिस्त्री दचकून वळले. बाहेरच्या दोघा पहारेकऱ्यांनी ताठ उभं राहून सलाम ठोकला. उद्धवरावांच्या हातातला शिक्का त्यांच्याच बाहीवर उमटला. मलाही वळून बघावंसं वाटलं, की हे एवढ्या मोठ्यानं कोण बोललं.

शहाजादीबाई घरी होत्या. मला दारात पाहून त्यांनी डोक्यावर पदर घेतला, खाट झाडली, चादर बदलली, मग खाट चालेल का म्हणून ती उचलून पाट शोधायला लागल्या. मी त्या झाडलेल्या खाटेवर बसले. त्यांनी पेटीतून एक नवा कप काढला, तीनदा धुतला, आणि माझ्यासमोर चौथ्यांदा धुतला.

"चहा चालंल तुमाला, वहिनी? आमच्या हातचा?"

"चालेल."

त्यांनी साखर घातली. दोन चमचे, मग पाहुणीला कमी नको म्हणून तिसरा. माझा गुरुवार होता. पौर्णिमा होती. बिनगोडाचं व्रत होतं आणि अकरा घरं माझ्या भरवशावर तोंड कडू करून बसली होती. मी मनात म्हटलं, दत्तगुरू, घटकाभर डोळे मिटा. मग वाटलं, नकोत, बघूच देत. मी चहाचा घोट घेतला.

"त्यो लाडू तिनं सोता वळला व्हता," शहाजादीबाई एकदम म्हणाल्या. "तीनदा फुटला. म्हनाली, वेणूच्या आईला घट्टच द्यायचा."

"चुकलं माझं," मी म्हणाले.

"काय म्हनलात?"

"चुकलं माझं."

"जरा मोठ्यानं, वहिनी. ऐकू न्हाई आलं."

खरंच ऐकू आलं नव्हतं, की त्यांना मोठ्यानंच हवं होतं, हे मला आजतागायत कळलेलं नाही. पण मी श्वास घेतला आणि "चुकलं माझं!" असं म्हणाले, की पलीकडच्या घरातलं मूल उठलं आणि पुढच्या चाळीतून शालनबाई बाहेर आल्या.

"असू द्या," शहाजादीबाई म्हणाल्या, आणि चौथा चमचा घातला.

शाळा सुटेपर्यंत मी तिथंच बसले, आणि दोघी मुली आल्या. एकत्र आल्या की एकामागून एक, ते मला दिसलं नाही. दारात होत्या तेव्हा शेजारी उभ्या होत्या. फरीदानं मला आपल्या घरातल्या खाटेवर, कप हातात घेतलेली, बघितलं. मग वेणूला कोपरानं ढोसलं. वेणूनं फरीदानं दिलेलं पत्र माझ्यापुढे धरलं. ते फरीदानं आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं, म्हणजे आमचं पान पोचायच्या आधी:

"वेणू, तुझ्या आईला सांग, मी पण रोज आंघोळ करते."

मी ते दोनदा वाचलं. मग फरीदाला जवळ बोलावलं, आणि ती आली.

संध्याकाळी माझ्या ओट्यावर अकराजणी कहाणीसाठी जमल्या. सकाळपासून बिनसाखरेचं पिऊन सगळ्यांची तोंडं अशी झाली होती, की संतांनाही भीती वाटली असती. मी जमेल तशी कहाणी सांगितली: राजा, तुरुंग, चिठ्ठी.

"आणि उद्यापन?" शालनबाईंनी विचारलं.

उद्यापन मला पार्करबाईंनी सांगितलं नव्हतं. पण आता माझा आवाज चालू झाला होता. मी म्हणाले, "पुढच्या गुरुवारी, ज्या घरी आपण आजवर कधी चहा घेतला नाही, तिथं जायचं. चहा मागायचा. साखरेसकट प्यायचा. एकटीनं जायचं, कुणाला सांगायचं नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. कुणीही कुणाला सांगितलं नाही. व्रत म्हटलं की आमच्या बायका फार काटेकोर.

पुढच्या गुरुवारी चार वाजता कॉलनीतली अकरा घरं कुलूपबंद होती. छबूबाई दूध घेऊन दारोदार हिंडल्या आणि शेवटी, "पटकीची साथ आली का काय वो?" म्हणत उद्धवरावांकडे गेल्या. उद्धवराव शोध घेत निघाले. पहिल्या चाळीत कुणी नाही, दुसऱ्या चाळीत कुणी नाही. मागच्या चाळीत एका घरापुढे अकरा जोडी चपला, माझी धरून बारा.

प्रत्येकीनं मनाशी प्रामाणिकपणे विचार केला होता, की आपण कुणाच्या घरी कधीच चहा घेतला नाही. आणि प्रत्येकीला कॉलनीत एकच घर आठवलं होतं.

मी फरीदाला वेणी घालायला आधीच जाऊन बसले होते, म्हणून हे सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. दुसरी बाई आली तेव्हा पहिली चोरासारखी उठली. पाचवी आली तेव्हा कुणी उठेना, कारण उठायला जागा नव्हती. शालनबाई सर्वांत शेवटी आल्या, आत बघितलं, आणि म्हणाल्या, "मी आपली सहज." अजीज मिस्त्री शिफ्ट संपवून आले, ते स्वतःच्या दारात उभे राहून "आत येऊ का?" असं विचारायला लागले.

शहाजादीबाईंनी बारावा कप भरला, साखरेचा डबा उलटा करून हातावर आपटला, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या,

"कौशल्याताई, तुमचे संत चांगले हायेत. पन आदी सांगून येत जा म्हनावं."